तपासणी हवी, वयाची अट नको

युरोपातली गाडी स्वतःसाठी अमेरिकेत आणू पाहणारा माणूस गंज, इंजिनाचा आवाज, मीटरवरचे किलोमीटर हे सगळं नंतर बघतो. आधी शोधतो ती गाडीची जन्मतारीख. मॉडेलचं वर्ष पुरत नाही. ती कारखान्यातून बाहेर पडली तो महिना लागतो. मग जुनी बिलं, नोंदणीची कागदपत्रं, कंपनीकडून मागवलेलं उत्पादनाचं पत्र, अगदी सीटबेल्टच्या पट्ट्याला शिवलेली चिठ्ठीसुद्धा उलटून पाहिली जाते. त्या महिन्याला पंचवीस वर्षं पूर्ण झाली असतील तर गाडी बाल्टिमोरच्या बंदरावर निर्धास्त उतरवता येते. एक महिना कमी पडला तर तीच गाडी अडवली जाते, आणि मालकाला ती परत पाठवावी लागते किंवा तिच्यावर पाणी सोडावं लागतं. एकाच कारखान्यात, एकाच आराखड्यावरून, लागोपाठच्या महिन्यांत बनलेल्या दोन गाड्या घ्या. ब्रेक तेच, दिवे तेच, दारांचा पत्रा तोच. एक कायदेशीर, दुसरी बेकायदा.

अमेरिकी मानकांप्रमाणे न बनलेली गाडी पंचवीस वर्षांची होईपर्यंत सहजी आणता येत नाही, या नियमाच्या विरोधात मी लिहितो आहे. स्वतःच्या वापरासाठी गाडी आणणाऱ्याला सरकारने बंदरावर थांबवावं, त्याच्याकडून शुल्क घ्यावं, गाडीत बदल करायला लावावेत, नापास झाली तर परत पाठवावी. या सगळ्याला माझी हरकत नाही. पण तपासायची ती गाडी. तिचा जन्मदाखला नव्हे.

हा प्रश्न हौशी श्रीमंतांचा आहे असं वाटणं साहजिक आहे, कारण त्याबद्दल बोलणारे बहुतेक गाडीवेडे असतात. पण जर्मनीत पाच-सहा वर्षं नोकरी करून कायमचं अमेरिकेत राहायला येणाऱ्या कुटुंबाचा विचार करा. त्यांचा सोफा, पुस्तकं, मुलांच्या सायकली, सगळं एका कंटेनरमध्ये बसून येतं. तीन वर्षांपूर्वी घेतलेली, हप्ते फिटलेली, ज्यात मुलाची खुर्ची कायमची बसवून टाकली आहे ती गाडी मात्र तिथेच पडेल त्या भावाला विकावी लागते. आणि त्याच वेळी, परदेशात राहणारा एखादा पर्यटक नेमकी तीच गाडी जहाजाने आणून अमेरिकेच्या रस्त्यांवर वर्षभर चालवू शकतो. अनिवासी माणसाला स्वतःच्या वापरासाठी एक वर्षाची मुभा कायद्यातच आहे. वर्ष संपलं की गाडी देशाबाहेर गेली पाहिजे, एवढीच अट. ती गाडी इतरांच्या जिवाला धोका असेल, तर तो धोका पहिल्या दिवसापासून असला पाहिजे. चालवणारा तिथे राहायला आला की गाडी धोकादायक होते, हे मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

मुळात अमेरिकेच्या आणि युरोपच्या गाड्या वेगळ्या का मोजल्या जातात, ते आधी पाहू. युरोपीय देशांनी १९५८ साली जिनिव्हात एक करार केला. एका देशाने तपासून मंजूर केलेला दिवा, आरसा किंवा सीटबेल्ट दुसऱ्या देशाने पुन्हा न तपासता मान्य करायचा, हे त्याचं सार. पुढे जपान आणि ऑस्ट्रेलियाही त्यात आले. अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथे वाहनसुरक्षेचा कायदा १९६६ साली झाला आणि त्याखालची सुरुवातीची बहुतेक मानकं १ जानेवारी १९६८ पासून लागू झाली. फरक नुसत्या आकड्यांचा नाही, पद्धतीचा आहे. युरोपात गाडी बाजारात येण्यापूर्वी सरकारमान्य संस्था तिचा नमुना तपासते आणि मंजुरी देते. अमेरिकेत सुरक्षेच्या बाबतीत अशी पूर्वमंजुरी नाहीच. कंपनी स्वतः जाहीर करते की ही गाडी सगळ्या मानकांना उतरते, आणि दाराच्या चौकटीत तशी पट्टी चिकटवते. राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा विभाग, म्हणजे एनएचटीएसए, नंतर बाजारातून गाड्या घेऊन तपासतो आणि खोट निघाली तर त्या परत मागवायला लावतो. धुराचं प्रमाणपत्र मात्र पर्यावरण विभाग, ईपीए, आधी देतो.

स्वयंघोषणेच्या पद्धतीत एक गोष्ट सहज निसटते, आणि माझ्या मते सगळ्या अडचणीचं मूळ तिथे आहे. दारातली ती पट्टी फक्त कंपनी लावू शकते, आणि ती लावते अमेरिकेत विकायच्या गाड्यांना. म्हणजे म्युनिकच्या शोरूममधून घेतलेली गाडी प्रत्यक्षात अमेरिकी मानकांच्या अगदी जवळ असली, किंबहुना काही बाबतींत त्यांच्यापेक्षा सरस असली, तरी तसं म्हणणारं कुणी नाही. जिच्याकडे मालकाने गाडी घेऊन जावं आणि 'बघा, काय कमी आहे ते सांगा' असं म्हणावं अशी सरकारी खिडकीच नाही. जर्मनीत अशी खिडकी आहे. तिथे अमेरिकेतून आणलेली एकटीदुकटी गाडी मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडे न्यायची. तपासनीस दिवे, ब्रेक, धूर, आवाज बघतो, मागचे लाल इंडिकेटर काढून पिवळे लावायला सांगतो, आणि समाधान झालं की त्या एका गाडीपुरती मंजुरी मिळते. ब्रिटनमध्येही एकेका वाहनाच्या मंजुरीची वेगळी चाचणी आहे. अमेरिकी गाडी युरोपात नेणाऱ्याला त्रास होतो, खर्च होतो, पण दार बंद नसतं.

मानकांमधले फरक काही ठिकाणी खरे आणि महत्त्वाचे आहेत, हे मान्य करायला हवं. अमेरिकी टक्कर-चाचणीत सीटबेल्ट न लावलेल्या माणसाचाही विचार असतो. युरोपात पट्टा लावला आहे असं धरूनच एअरबॅगची आखणी होते. त्यामुळे दोन्हीकडच्या एअरबॅगांची घडण वेगळी होऊ शकते. चालकाच्या बाजूचा आरसा अमेरिकेत सपाट लागतो, युरोपात फुगीर चालतो. पण काही फरकांमागे सुरक्षा कमी आणि हट्ट जास्त होता, आणि त्याची किंमत अमेरिकी चालकांनीच मोजली. हेडलाइटचंच बघा. ठरावीक आकाराचे बंदिस्त दिवे, ज्यांना सील्ड बीम म्हणत, ते अमेरिकेत १९४० पासून १९८३ पर्यंत सक्तीचे होते. सिट्रोएन या फ्रेंच कंपनीने १९६७ साली डीएस गाडीला काचेमागे वळणारे दिवे दिले. स्टिअरिंग फिरलं की उजेडही वळणाकडे वळायचा. अमेरिकेत ते चालले नाहीत. त्याच कंपनीच्या एसएम या देखण्या गाडीला अमेरिकेसाठी साधे, स्थिर दिवे बसवावे लागले, आणि १९७४ साली बंपरच्या उंचीचा नियम आल्यावर ती गाडी तिथे संपलीच. तिचं हायड्रॉलिक सस्पेन्शन गाडीची उंची बदलायचं. नियमाला मात्र बंपर एकाच उंचीवर हवा होता. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडणारा तेवढाच उजेड आपोआप झाकणारे दिवे घ्या. युरोपच्या रस्त्यांवर ते अनेक वर्षं वापरात होते. अमेरिकेने परवानगी दिली फेब्रुवारी २०२२ मध्ये.

मग ही पंचवीस वर्षांची अट आली कुठून? १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात डॉलर वधारला होता, जर्मन मार्कच्या तुलनेत तर फारच. जर्मनीत मर्सिडीज विकत घ्यायची, जहाजाने आणायची, अमेरिकी नियमांप्रमाणे बदल करून घ्यायचे, आणि तरीही डीलरच्या भावापेक्षा बरेच पैसे वाचायचे, असा तो काळ. शिवाय डीलरकडे हवी ती गाडी मिळेलच असं नव्हतं. १९८१ ते १९८३ मध्ये मोठ्या एस क्लासच्या पेट्रोल गाड्यांमध्ये अमेरिकी गिऱ्हाइकाला मिळायची ती १५५ अश्वशक्तीची ३८० एसईएल. युरोपात विकली जाणारी कितीतरी दमदार ५०० एसईएल अधिकृतपणे येतच नव्हती. लोक ती स्वतः आणू लागले. कंपनीने नेमलेल्या डीलरांच्या साखळीबाहेर चालणाऱ्या या व्यवहाराला 'ग्रे मार्केट' हे नाव पडलं. १९८५ या एका वर्षात अशा ६६ हजारांहून अधिक गाड्या अमेरिकेत आल्या.

त्यात वाईट कामही झालं. दारात आडवी पोलादी पट्टी जोडायची, बंपरला मागून मजबुती द्यायची, धुराच्या नळीत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवायचा, हे बदल सक्तीचे होते. चांगल्या वर्कशॉपांनी ते नीट केले. काहींनी कागदावर केले आणि दाराच्या आत काहीच नव्हतं. असं दार उघडून कोण बघणार? गाडी दुसऱ्याला विकली गेली की त्या बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नसायचा. नियम कडक करायची गरज होती, यात मला शंका नाही.

पण कडक करण्यामागे दुसराही हात होता. मर्सिडीजची अमेरिकेतली कंपनी आणि तिचे डीलर यांच्या विक्रीला या आयातीने खिंडार पाडलं होतं, आणि त्यांनी अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, पूर्ण जोर लावला. १९८८ च्या ऑक्टोबरअखेर नवा कायदा मंजूर झाला आणि १९९० च्या जानेवारीअखेर लागू झाला. सुरक्षा मानकांना न उतरणारी गाडी सर्वसामान्य माणसाने स्वतः आणायची नाही. आणायचीच तर परवानाधारक आयातदारामार्फत, आणि नाहीतर ती पंचवीस वर्षांची होईपर्यंत थांबायचं. १९९५ पर्यंत ग्रे मार्केटची वार्षिक संख्या काही शेकड्यांवर आली. दहा वर्षांत ६६ हजारांवरून काही शे. वाईट वर्कशॉपांबरोबर चांगली वर्कशॉपं आणि प्रामाणिक मालकही त्यात गेले.

परवानाधारक आयातदाराचा मार्ग आजही खुला आहे, असं उत्तर मला नेहमी मिळतं. आहे, पण कुणासाठी? आधी एनएचटीएसएने ते मॉडेल आयातीला पात्र ठरवलेलं असावं लागतं. अमेरिकेत त्याच्याशी मिळतीजुळती गाडी विकली गेली असेल तर काम तुलनेने सोपं. नसेल तर ती गाडी मानकांना उतरवता येते हे आयातदाराने पुराव्यानिशी दाखवायचं, आणि त्यासाठी गाड्या आदळवून बघायचीही वेळ येऊ शकते. मग गाडीच्या करपात्र किमतीच्या दीडपट रकमेचा बाँड, म्हणजे हमीपत्र. मग १२० दिवसांत सगळे बदल. धुरासाठी ईपीएचा वेगळा परवाना असलेला आयातदार, वेगळी चाचणी. मर्सिडीजची जी-वॅगन अधिकृतपणे अमेरिकेत आली ती २००२ च्या मॉडेलपासून. त्याआधी न्यू मेक्सिकोतल्या सँटा फे इथल्या एका परवानाधारक आयातदाराने ती अनेक वर्षं नियमात बसवून विकली. म्हणजे मार्ग चालतो. पण तो चालतो तेव्हा, जेव्हा गाडी इतकी महाग असते की एवढा खर्च तिच्या किमतीत जिरून जातो, किंवा एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांवर वाटला जातो. आपल्या त्या कुटुंबाच्या तीन वर्षं वापरलेल्या, समजा फोक्सवॅगन गोल्फसारख्या साध्या गाडीसाठी बदलांचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. कागदावरचा असा हक्क परवडत नसेल तर तो नसल्यात जमा.

श्रीमंतांसाठी दार उघडलं गेल्याचं उदाहरणही आहे. १९८० च्या दशकातल्या पोर्शे ९५९ या गाडीत तंत्रज्ञान काळाच्या पुढे होतं. अमेरिकी चाचणीत आदळवायला गाड्या द्यायची पोर्शेची तयारी नव्हती, म्हणून ती तिथे अधिकृतपणे विकलीच गेली नाही. बिल गेट्स यांनी घेतलेली ९५९ कस्टम्सच्या ताब्यात सुमारे तेरा वर्षं पडून राहिली. १९९८ मध्ये कायदा बदलला आणि पुढच्या वर्षापासून 'शो ऑर डिस्प्ले' नावाची सवलत लागू झाली. ऐतिहासिक किंवा तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाची, साधारण पाचशेपेक्षा जास्त न बनलेली गाडी असेल तर आणा. पण वर्षाला २,५०० मैलांपेक्षा जास्त चालवू नका. ही सवलत चुकीची आहे असं मी म्हणत नाही. उलट ती मला माझ्या बाजूचा पुरावा वाटते. मर्यादा घालून, नोंद ठेवून, एकेका गाडीचा स्वतंत्र विचार करून परवानगी देणं त्याच सरकारी विभागाला जमतं, हे त्यातून सिद्ध होतं. फक्त ते दुर्मीळ गाडीसाठी जमतं आणि साध्या गाडीसाठी नाही.

आता नियमाचा प्रत्यक्ष परिणाम बघा. पंचवीस वर्षांची गाडी आणली की सुरक्षेची मानकं तिला लागू नाहीत. मूळ स्वरूपातली गाडी एकवीस वर्षांची झाली की ईपीएच्या नियमांतूनही ती सुटते. म्हणजे १९९० च्या दशकातली, घसरताना गाडी सावरणारा स्टॅबिलिटी कंट्रोल नसलेली, खिडकीवर उघडणारी पडदा एअरबॅग नसलेली, थकलेल्या इंजिनाची गाडी बंदरातून कसलीही तांत्रिक तपासणी न होता बाहेर पडते. दोन साधे अर्ज, प्रवासी गाडी असेल तर अडीच टक्के मूळ जकात, आणि तळाला परदेशी माती चिकटलेली नाही ना एवढी खात्री. उलट युरो एनसीएपी या युरोपातल्या सुरक्षा-चाचणी संस्थेकडून पाच तारे मिळवलेली, युरोपच्या युरो ६ या कडक धूरमानकांची, पाच वर्षांची पेट्रोल गाडी नाकारली जाते. आपल्या मुलांच्या शाळेसमोरून यातली कुठली गाडी जावी असं वाटतं, हे कुणालाही विचारून पाहावं. जो नियम स्वतःला सुरक्षेचा म्हणवतो तो जुन्याला मुक्तद्वार देतो आणि नव्याला अडवतो.

इंधनाचंही तसंच. फोक्सवॅगनची लुपो ३एल ही छोटी गाडी १९९९ साली आली. शंभर किलोमीटरला तीन लिटर डिझेल हे तिचं उद्दिष्ट होतं आणि तिच्या नावातला तीनचा आकडा तिथून आला. एखाद्या अमेरिकी माणसाला ती हवी असती तर त्याला २०२४ पर्यंत थांबावं लागलं असतं. तिच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं काय, हा प्रश्न रास्त आहे. डिझेलच्या त्या धुराबाबत अमेरिकेची मानकं युरोपपेक्षा कडक होती आणि बरोबर होती.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे, जी माझ्या बाजूच्या लोकांना आवडत नाही. युरोपची मंजुरी म्हणजे सगळं काही ठीक, असं मानता येत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये ईपीएने फोक्सवॅगनला नोटीस दिली तेव्हा अमेरिकेतल्या सुमारे ४ लाख ८२ हजार डिझेल गाड्यांमध्ये चाचणी ओळखून फसवणारं सॉफ्टवेअर असल्याचं उघड झालं. ती लबाडी युरोपातल्या मंजुरी देणाऱ्या संस्थांनी पकडली नव्हती. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गाडीच्या मागे यंत्रं बांधून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली, तेव्हा आकडे जुळेनात. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने आणि ईपीएने मग तो धागा सोडला नाही. म्हणून 'युरोपचा कागद आहे ना, मग येऊ द्या' असं मी म्हणत नाही. कागदावर विसंबू नका, गाडी मोजा, हेच त्या प्रकरणाने शिकवलं. आणि वयाची अट तर काहीच मोजत नाही.

मोजता येतं, याचं उदाहरण खुद्द अमेरिकेत आहे. धुराच्या बाबतीत केंद्र सरकारची वयावरची सवलत कॅलिफोर्निया राज्य मानत नाही. तिथे १९७५ नंतरच्या मॉडेलची परदेशी पेट्रोल गाडी नोंदवायची तर परवानाप्राप्त प्रयोगशाळेत तिचा धूर तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. खर्चिक आहे, अनेक गाड्या नापास होतात, हौशी लोक चिडतात. मला मात्र हा नियम केंद्राच्या नियमापेक्षा जास्त न्याय्य वाटतो, कारण तो गाडीला प्रश्न विचारतो आणि तिचं उत्तर ऐकून घेतो.

बंदीने फसवणूक थांबते असंही नाही. लँड रोव्हर डिफेंडर अमेरिकेत १९९० च्या दशकात थोडी वर्षं अधिकृतपणे विकली गेली. नंतर मागणी राहिली आणि पुरवठा थांबला. मग नव्या डिफेंडरवर जुन्या गाडीचा चासी नंबर चढवून ती पंचवीस वर्षांची म्हणून आणायचे प्रकार सुरू झाले. २०१३ मध्ये कस्टम्सने अशी एक गाडी यंत्राखाली चिरडली आणि त्याची चित्रफीत लोकांसमोर ठेवली. जुलै २०१४ मध्ये वेगवेगळ्या राज्यांत एकाच वेळी कारवाई करून ४० डिफेंडर जप्त झाल्या. त्या घेणाऱ्यांपैकी अनेकांनी पूर्ण पैसे मोजले होते, राज्याची नोंदणी मिळाली होती, विमा होता, आणि एका सकाळी दारातून गाडी उचलून नेली गेली. प्रकरण न्यायालयात गेलं आणि पुढे बऱ्याच गाड्या मालकांना परत मिळाल्या. चासी नंबर बदलणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण एकच तारीख ओलांडली की गाडीची किंमत एकदम वाढते आणि तपासणीही टळते, अशी रचना असली की तारीख खोटी करणारे निर्माण होणारच. गाडी प्रत्यक्ष तपासून आत घेतली असती, तर नंबर खोटा करून काय मिळालं असतं?

कॅनडात ही अट पंधरा वर्षांची आहे. तेच हवामान, तशीच बर्फाची आणि बर्फ वितळवायला मीठ टाकलेली वाट. सीमेवरच्या विंडसरमध्ये राहणारा कॅनेडियन आपली सोळा वर्षांची फ्रेंच गाडी घेऊन पूल ओलांडून डेट्रॉइटला भेटीगाठीसाठी जाऊ शकतो. डेट्रॉइटमधला त्याचा भाऊ तीच गाडी स्वतःच्या नावावर करू शकत नाही. अमेरिकेनेही पंधरा करावेत अशी मागणी मधूनमधून होते. सुधारणा म्हणून मला ती मान्य आहे, पण तिने मूळ दोष जात नाही. पंचवीस असो की पंधरा, तो आकडा गाडीबद्दल काही सांगत नाही.

मला हवं आहे ते असं. माणसाने स्वतःच्या नावावर, ठरावीक वर्षांतून एकदा, एक गाडी आणावी. ती किमान दोन-तीन वर्षं विकू नये, म्हणजे धंदेवाल्यांना यात वाट मिळणार नाही. ईपीएने १९८० च्या दशकात अशा प्रकारची सवलत दिलेली होती: पाच वर्षांहून जुनी गाडी, आयुष्यात एकदा. गाडीला मूळ देशातली मंजुरी असावी आणि ती कागदपत्रं सोबत यावीत. मग परवानाधारक तपासणी केंद्रात दिवे, इंडिकेटर, आरसे, टायर, ब्रेक, काचा आणि पट्टे बघितले जावेत. जे स्वस्तात बदलता येतं ते बदलायला लावावं. टक्कर-चाचणीच्या बाबतीत युरोपात झालेली चाचणी ग्राह्य धरावी, कारण एका माणसाला आपली एकुलती एक गाडी भिंतीवर आदळवून दाखव असं सांगणं म्हणजे नाही म्हणणंच आहे. धुराच्या बाबतीत मात्र सवलत नको. कॅलिफोर्नियासारखी मोजणी व्हावी आणि नापास गाडी परत जावी. डिझेलला तर दुप्पट सावधपणे तपासावं.

यावर सगळ्यात ठोस आक्षेप आहे तो गाड्या परत मागवण्याचा. एअरबॅगमध्ये खोट निघाली तर कंपनी अमेरिकेतल्या मालकांना कळवते. युरोपातून आलेली गाडी तिच्या यादीत नसते. आज पंचवीस वर्षांच्या गाडीबाबतही नेमकं हेच होतं आणि त्याची कुणी दखल घेत नाही. नव्या व्यवस्थेत नोंदणी करतानाच मूळ देशातल्या कंपनीच्या नोंदीत नवा पत्ता घालणं आणि उरलेल्या दुरुस्त्या पूर्ण करणं सक्तीचं करता येईल. डीलरांचं नुकसान होईल, हा आक्षेप मी फार मनावर घेत नाही. सुरक्षेच्या कायद्याने कुणाची बाजारपेठ राखायची नसते. तसं करायचं असेल तर त्यासाठी जकात आहे, आणि ती उघडपणे लावली जाते: पश्चिम युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर कर बसवला म्हणून १९६४ पासून हलक्या ट्रकांवर लावलेली पंचवीस टक्के जकात आजही चालू आहे. २०२५ मध्ये गाड्यांवर जे वाढीव शुल्क बसलं, त्यातूनही पंचवीस वर्षांहून जुन्या गाड्या वगळल्या गेल्या. हा आकडा आता सुरक्षेच्या कायद्यातून जकातीच्या कायद्यातही रुजला आहे.

२१ ऑगस्ट २०२५ च्या संयुक्त निवेदनात अमेरिका आणि युरोपीय महासंघ यांनी गाड्यांच्या बाबतीत एकमेकांची मानकं मान्य करण्याचा इरादा जाहीर केला. ग्रे मार्केटच्या चाहत्यांनी त्याचं स्वागत केलं. मी केलं नाही. सरसकट मान्यता म्हणजे कंपन्यांना लाखो गाड्या दोन्ही दिशांना पाठवायची मोकळीक. उंच नाकाड, अवजड अमेरिकी पिकअप ट्रक एकेका वाहनाच्या मंजुरीतून आताच युरोपात शिरत आहेत आणि तिथल्या सुरक्षा संघटना त्यावरून अस्वस्थ आहेत. गाडीखाली येणाऱ्या पादचाऱ्याचा विचार करणारा नियम युरोपने २००५ पासून लागू केला. अमेरिकेने तसं मानक सुचवलं ते २०२४ मध्ये. २०२२ साली अमेरिकेत ४२ हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर मेली. तिच्यापेक्षा दहा-बारा कोटींनी जास्त लोकसंख्या असलेल्या युरोपीय महासंघात सुमारे २० हजार. यामागे रस्ते, वेग, अंतरं, परवान्याची पद्धत अशी अनेक कारणं आहेत आणि सगळं श्रेय गाडीला देणं चूक ठरेल. पण ज्या देशात हे आकडे असे आहेत, त्याने युरोपातल्या गाडीला धोका म्हणून बंदरावर अडवावं, याला आधार उरत नाही. आणि युरोपच्या अनुभवावरून हेही दिसतं की वैयक्तिक आयातीची वाट ठेवायची तर तिला संख्येची आणि फेरविक्रीची मर्यादा हवी, नाहीतर व्यापारी तिचा महामार्ग करतात.

त्यामुळे दोन मोठ्या सत्तांमधल्या व्यापार कराराची वाट बघत बसण्यापेक्षा काँग्रेसने वाहनसुरक्षा कायद्यातली आयातीच्या सवलतींची यादी उघडावी. त्या यादीत पर्यटकाची गाडी आहे, प्रदर्शनाची गाडी आहे, पंचवीस वर्षांची गाडी आहे. तिच्याखाली आणखी एक ओळ जोडायची आहे: तपासून उत्तीर्ण झालेली, एका माणसाची, एक गाडी.